‘राउटरला हात लावू नका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

केबलचं नेट असलेल्या घरांत एक मेसेज वरचेवर फिरतो, कधी सोसायटीच्या ग्रुपवर, कधी नातेवाइकांच्या. राउटर केबलवाल्याकडूनच घ्या आणि एकदा त्याने लावून दिला की त्याला हात लावू नका, असा त्याचा एकूण सूर. कारणंही दिलेली असतात. बाहेरचा राउटर केबलच्या नेटवर चालत नाही. पासवर्ड बदलला की कनेक्शन तुटतं. वाय-फायचं नाव लपवलं की नेटची चोरी होत नाही. जितके अँटेना जास्त तितकी रेंज जास्त. राउटर रात्री बंद करा, रेडिएशन असतं. आणि २०० मेगाबिट वेगाचा प्लॅन घेऊन ९० च मिळत असेल तर केबलवाला लुबाडतोय. पहिल्या ओळीत ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा तोच शेवटच्या ओळीत चोर! असो, एकेक मुद्दा घेऊ.

‘बाहेरचा राउटर चालत नाही.’

यात थोडं खरं आहे, म्हणून जरा खोलात जायला हवं. केबलवाल्याचं नेट घरात साधारण तीन वाटांनी येतं. टीव्हीची जाड, गोल केबल असेल तर ती मॉडेमला, म्हणजे त्या केबलवरचं नेट उतरवून घेणाऱ्या डब्याला लागते. फायबरची बारीक तार असेल तर ती ओएनटी नावाच्या डब्याला. आणि बऱ्याच इमारतींत जिन्यात किंवा गच्चीवर स्विच, म्हणजे एक लाइन अनेक घरांत वाटणारा डबा बसवलेला असतो, तिथून साधी लॅन (नेटवर्कची) केबल थेट घरात येते. मॉडेम आणि ओएनटी यांची नोंद कंपनीच्या यंत्रणेत असावी लागते. बाजारातून दुसरा आणून लावला तर नोंद होईपर्यंत तो नुसता दिवे लुकलुकवत बसेल. मेसेजमधलं खरं तेवढंच. राउटर ही त्याच्या पुढची वस्तू आहे. मॉडेममधून, ओएनटीतून किंवा जिन्यातून आलेली लॅन केबल राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट आत घेणाऱ्या खाचेत खोचायची असते. हा पोर्ट बहुतेकदा वेगळ्या रंगाचा आणि बाकीच्या चारांपासून थोडा बाजूला असतो. ती केबल कुठल्या कंपनीच्या राउटरमध्ये शिरली, याच्याशी नेटला काही देणंघेणं नसतं.

तरी नवा राउटर लावल्यावर नेट येत नाही, हा अनुभव खोटा नाही. बहुतेक वेळा दोष मॅक आयडीचा असतो. प्रत्येक यंत्राला स्वतःचा मॅक आयडी, म्हणजे ओळख क्रमांक असतो, आणि काही कंपन्या आधी जोडलेल्या यंत्राच्या मॅकलाच नेट देतात. नवा राउटर त्यांच्या लेखी अनोळखी. फोन करून ‘मॅक रीसेट करा’ एवढं सांगितलं तरी काम होतं. नाहीतर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘मॅक क्लोन’ असतं, तिथे जुन्या यंत्राचा मॅक भरायचा. टीव्हीच्या केबलवरचा मॉडेम असेल तर तो स्वतःच पहिलं यंत्र लक्षात धरून बसतो. त्याचा प्लग काही मिनिटं काढून ठेवायचा, राउटर जोडायचा आणि मग मॉडेम चालू करायचा.

मॅक ठीक असेल तर पीपीपीओई, म्हणजे लॉगिन करून नेट सुरू करण्याची पद्धत आहे का ते बघा. या पद्धतीच्या कनेक्शनला युजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये भरावे लागतात, आणि नेमके तेच पुष्कळदा ग्राहकाला लिहून दिलेले नसतात. जोडायला आलेला मुलगा स्वतःच्या फोनमध्ये बघून भरतो आणि निघून जातो. माझ्या मते केबलवाल्यावरचं आपलं सगळं अवलंबित्व इथून सुरू होतं. कनेक्शनचे पैसे तुम्ही भरता, तेव्हा हे दोन शब्द मागून घ्या आणि कागदावर लिहून राउटरच्या पोटाला चिकटवा.

माळ्यावर पडलेला राउटर काढून लावणाऱ्यांची अडचण वेगळीच असते. एमटीएनएल-बीएसएनएलच्या फोनलाइनवरच्या ब्रॉडबँडसाठी घेतलेले राउटर एडीएसएलचे. त्यांना फोनचा छोटा जॅक असतो आणि बहुतेकांना वॅन पोर्टच नसतो. ‘केबलच्या नेटवर चालत नाही’ हा समज बहुधा यांच्यामुळेच पसरला असावा. अशा राउटरचं डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करून तो लॅन पोर्टातून जोडला, तर दुसऱ्या खोलीत वाय-फाय पोचवायला अजून उपयोगी पडतो. आणि केबलवाल्याचा ओएनटी स्वतःच राउटरचं कामही करत असेल, शिवाय दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर मात्र हमखास गोंधळ होतो. नव्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर, म्हणजे नुसतं वाय-फाय पुरवण्याच्या कामावर टाकलं की तो मिटतो.

‘पासवर्ड बदलला की कनेक्शन तुटतं.’

कुठला पासवर्ड? घरात तीन असतात. एक पीपीपीओईचा. तो आपल्या मनाने बदलला तर नेट जाणारच, आणि तो बदलायचं आपल्याला कारणही नाही. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा, तिसरा वाय-फायचा. हे दोन्ही बदलल्याने तारेवरच्या कनेक्शनला काहीही होत नाही. वाय-फायचा बदलला की घरातले फोन आणि टीव्ही पुन्हा जोडावे लागतात, एवढाच त्रास. पासवर्ड आठवेना म्हणून कोणी राउटरच्या मागच्या भोकात टाचणी घालून रीसेट केला असेल, तर पीपीपीओईची माहितीही पुसली जाते आणि नेट खरंच जातं. तेव्हा दोष पासवर्डचा नसतो, टाचणीचा असतो.

हे दोन न बदलणं मात्र महागात पडू शकतं. सेटिंगचा पासवर्ड ‘ॲडमिन’ तसाच ठेवला, तर तुमच्या वाय-फायवर आलेला कोणीही डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) बदलून तुम्हाला बँकेच्या नावाखाली भलत्याच पानावर नेऊ शकतो. वाय-फायला ग्राहकाचा मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून द्यायची पद्धत सर्रास आहे, आणि तो नंबर सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना दिसतो. कोणी म्हणेल, वापरलं शेजाऱ्याने थोडं नेट तर काय बिघडलं? २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याआधी काही मिनिटं आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या असुरक्षित वाय-फायवरून गेला होता. पोलीस साहजिकच आधी त्या फ्लॅटवर पोचले. सेटिंगमध्ये वाय-फायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा, डब्ल्यूईपी दिसलं तर सोडून द्या, ते २००१ मध्येच फुटलं आहे. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय, बंद करा. त्याचा आठ आकड्यांचा पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्यामुळे जेमतेम ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं.

‘नाव लपवलं की चोरी होत नाही.’

नाव फक्त फोनच्या यादीतून जातं, हवेतून जात नाही. फुकटात मिळणाऱ्या ॲपलाही ते नेटवर्क दिसतं, आणि तुमचा फोन ते नाव घेत हाका मारत राहतो तो वेगळाच. पाहुणे आल्यावर नाव टाइप करत बसायचा ताप मात्र पदरी पडतो.

‘जास्त अँटेना, जास्त रेंज.’

अँटेना वीज निर्माण करत नाही, आहे तीच ताकद कुठल्या दिशेला जायची ते ठरवतो. अनेक अँटेनांचा उपयोग एकाच वेळी जास्त माहिती पाठवायला होतो, भिंत भेदायला फारसा नाही. आणि आपल्याकडे राउटर कुठे असतो? केबल दाराच्या वरून आत येते, म्हणून दाराशीच, चपलांच्या रॅकवर नाहीतर मीटरच्या पेटीखाली. मग आतल्या खोलीपर्यंत जाताना मध्ये आरसीसीचा खांब, लोखंडी कपाट आणि आरसा. सहा अँटेनांचा राउटरसुद्धा तिथे रडणार. लॅन केबल १०० मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते. दहा-पंधरा मीटरचा तुकडा घेऊन राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी न्या, नव्या राउटरचे पैसे वाचतील. वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी लांबच्या खोलीत २.४ गीगाहर्ट्झ, जवळ ५ गीगाहर्ट्झ. दाटीच्या इमारतीत २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनेल ठेवा, कारण हेच तीन एकमेकांवर चढत नाहीत.

‘रात्री बंद करा, रेडिएशन असतं.’

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरी ‘२ बी’, म्हणजे ‘कर्करोगाला कदाचित कारण ठरू शकतील’ अशा गटात टाकल्या, त्याचा हा धागा. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. घरचा राउटर साधारण दशांश वॅटने लहरी सोडतो, तोही खोलीभर अंतरावरून. हे वाचून तो बंद करणारे उशीखाली मोबाइल घेऊन झोपतात. झोपताना बंद करायचा तर खुशाल करा, फक्त दारावरचा कॅमेरा त्याच वाय-फायवर असेल तर त्याचं ऑनलाइन रेकॉर्डिंगही बंद पडेल.

‘२०० चा प्लॅन, मिळतात ९०.’

आधी एकक बघा, आठ बिट म्हणजे एक बाइट. २०० मेगाबिटच्या प्लॅनवर डाउनलोडच्या खिडकीत सेकंदाला २५ मेगाबाइट दिसले तर ते पूर्ण २०० च आहेत. पण वेग ९०-९५ वरच अडकून राहत असेल, वर-खाली होतच नसेल, तर तो १०० मेगाबिटच्या पोर्टची खूण आहे. स्वस्तातल्या कित्येक राउटरना गिगाबिट (१००० मेगाबिटचा) पोर्ट नसतो, मग प्लॅन कितीही मोठा घ्या. राउटरचा पोर्ट गिगाबिट असूनही सेटिंगमध्ये वॅनचा वेग १०० दिसत असेल तर केबल तपासा. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. घाईत क्रिम्पिंग करणारा, म्हणजे तारांना जॅक बसवणारा, चारच बसवून मोकळा होतो, आणि जुन्या ५० च्या प्लॅनवर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. केबलच्या टोकाचा जॅक पारदर्शक असतो, उजेडात धरून रंगीत तारा मोजा. चारच दिसल्या तर केबलवाल्याला जरूर बोलवा, आणि दोन्ही टोकांना नवे जॅक मारून घ्या.