दरीकडची खिडकी

आमच्या घरात गाडी चालवणारा मी एकटा. त्यामुळे गेल्या वीसेक वर्षांत आम्ही जिथे जिथे निसर्ग बघायला गेलो, तिथला निसर्ग मी सोडून सगळ्यांनी बघितलेला आहे. ‘तो धबधबा आठवतो का रे?’ असं आईनं विचारलं की मला आठवतो तो एक टँकर. मातकट रंगाचा, डावा ब्रेकलाइट गेलेला, मागच्या शिडीला ओलं फडकं बांधलेला. त्याच्या मागे मी अकरा किलोमीटर होतो. धबधबा त्याच अकरा किलोमीटरांत कुठेतरी होता म्हणतात.

म्हणून या सुट्टीत ‘मस्त लांब ड्राइव्हला जाऊ, नुसता रस्ता बघायला’ असा ठराव घरात आला, तेव्हा मी सावरून बसलो. कुठे पोचायचं ते महत्त्वाचं नाही, रस्ता महत्त्वाचा, असं मुलगी म्हणाली. जन्मभर मागच्या सीटवर झोपून पोचलेली माणसंच असं बोलू शकतात. ठराव एकमतानं मंजूर झाला. त्यानंतर आमचं कशावरही एकमत झालेलं नाही.

मुलानं ताबडतोब एक्सेल शीट उघडली. अंतर, उंची, वळणांची संख्या आणि ‘भारीपणा, दहापैकी’ असे रकाने पाडले. आईनं त्यात ‘बाथरूम’ हा रकाना घालायला लावला. बायकोला समुद्र हवा होता, मुलाला वळणं हवी होती. मुलीला नुकतंच लायसन्स मिळालेलं, त्यामुळे स्टिअरिंग हातात मिळत असेल तर तिला सोसायटीच्या पार्किंगची रँपसुद्धा निसर्गरम्य होती. तिला मी ‘बघू’ म्हणालो. आमच्याकडे ‘बघू’चा अर्थ लहान मुलांनाही कळतो. पैशांचा रकाना मात्र कुणीच घातला नाही, यावरून चर्चा किती उंचीवर चालली होती ते लक्षात यावं. अख्खं जग मोकळं होतं.

पहिलं स्थळ मुलानं आणलं. इटलीतला स्टेल्व्हिओ घाट. ऑस्ट्रियन साम्राज्यानं १८२० ते १८२५ या काळात बांधलेला, माथा २,७५७ मीटरवर, आणि एका अंगानं चढताना ४८ हेअरपिन वळणं. फोटो असा, की कुणीतरी डोंगरावर सुतळीचं बंडल सोडून दिलंय आणि ते घरंगळत खाली आलंय. सगळे बघतच राहिले.

‘हा फोटो कुठून काढलाय?’ मी विचारलं.

‘वरून.’

‘आणि आपण कुठे असणार?’

मुलगा जरा थांबला. ‘त्याच्यात.’

म्हणजे ज्या रस्त्यावर आम्ही भाळलो होतो, तो दिसतो घारीला आणि ड्रोनला. त्या सुतळीच्या आत शिरलेल्या माणसाला दिसते दगडी भिंत, मग वळण, मग तीच भिंत दुसऱ्या बाजूनं. शिवाय तिथे प्रत्येक वळणाला नंबराची पाटी आहे आणि चढताना ते नंबर ४८ पासून उतरत जातात. याला उलटी मोजणी म्हणतात. आमच्या गाडीत हा शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

कारण मुलाला गाडी लागते. वळणं हवीत म्हणणारा हाच, आणि चौथ्या वळणाला पिशवी मागणाराही हाच. मी त्याला लहानपणापासून सांगत आलोय, की गाडीबिडी काही लागत नसते, मनाचे खेळ असतात, माझ्याकडे बघ. यावर मुलीनं मागे एकदा मला शास्त्र शिकवलं होतं. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यातलं पाणी हललं की मेंदूला कळतं आपण वळतोय. डोळे मात्र मोबाइलवर असले, तर ते सांगतात सगळं स्थिर आहे. या दोन साक्षी जुळत नाहीत, आणि भोगायला लागतं पोटाला. चालवणाऱ्याला सहसा त्रास होत नाही, कारण वळण येण्याआधीच त्याला ते ठाऊक असतं. मी तिला म्हणालो होतो, हे सगळं ठीक आहे, पण मूळ कारण मनाचा कमकुवतपणा. हे वाक्य मी गाडीत मोठ्यांदा आणि अनेकदा बोललेलो आहे. साक्षीदार चार.

मग बायकोनं नॉर्वे काढलं. त्या देशानं आपल्याकडचे १८ रस्ते ‘राष्ट्रीय प्रेक्षणीय मार्ग’ म्हणून अधिकृतपणे ठरवून टाकलेत. मला हे फार आवडलं. सरकारनंच एकदा सांगून टाकलं की घरात भांडण नको. तिला त्यातला अटलांटिक रोड हवा होता. १९८९ मध्ये सुरू झालेला, बेटाबेटांवरून आठ पुलांनी उड्या मारत जाणारा. एक पूल तर असा वाकडा, की लांबून बघितलं तर मध्येच हवेत संपल्यासारखा वाटतो. मी लांबी विचारली. साधारण ८ किलोमीटर. एवढ्या अंतरात आमच्याकडे मधल्या सीटबेल्टचं बक्कल सापडत नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. उठून कागद घेतला, एक रस्ता काढला, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मध्ये आमची गाडी. तेव्हा वीस वर्षांत न कळलेली गोष्ट कळली. जिथे डावीकडून गाड्या चालतात तिथे स्टिअरिंग उजवीकडे, जिथे उजवीकडून चालतात तिथे डावीकडे. म्हणजे ड्रायव्हर नेहमी रस्त्याच्या मधल्या रेघेकडे आणि शेजारचा माणूस कडेला! दरी, समुद्र, तळी, फुलं, सगळं कडेला असतं. मधल्या रेघेकडे असते ती मधली रेघ. इतर कशावरही एकमत न होणाऱ्या देशांचं एवढ्या एका बाबतीत कसं जुळलं, की हवं ते बघा, पण चालवणाऱ्याला खिडकी द्यायची नाही?

एक अपवाद सापडला. अमेरिकेच्या ताब्यातली व्हर्जिन बेटं. तिथे गाड्या चालतात डावीकडून, पण बहुतेक गाड्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून आलेल्या, डाव्या स्टिअरिंगच्या. म्हणजे ड्रायव्हर कडेला! सकाळी मी हे जाहीर केलं. आवाज थोडा चढला असावा.

‘मग ओव्हरटेक करताना समोरचं कोण बघणार?’ बायकोनं विचारलं. ‘मी?’

‘बाबा, त्यातलं सगळ्यात मोठं बेट साधारण ३५ किलोमीटर लांब आहे,’ मुलगा शीटमध्ये भरता भरता म्हणाला. भारीपणा, दहापैकी तीन.

इथून पुढे आमच्यात ‘कुठे जायचं’ हा वाद मागे पडून ‘कोणत्या दिशेनं जायचं’ हा सुरू झाला. कॅलिफोर्नियाचा पॅसिफिकच्या काठाचा रस्ता घ्या. समुद्र पश्चिमेला, वाहतूक उजवीकडून. उत्तरेकडून दक्षिणेला गेलात, तर तुमची लेन समुद्राला लागून आणि शेजारच्या सीटच्या मांडीवर अख्खा महासागर. जाणकार असंच जायला सांगतात, हे बायकोनं मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, जाणकार शेजारच्या सीटवर बसलेले असणार. आपण दक्षिणेकडून उत्तरेला जाऊ. मग समुद्र डावीकडे, म्हणजे माझ्या खिडकीत. माझ्यात आणि त्याच्यात फक्त समोरून येणाऱ्या गाड्या.

शेवटी मी तडजोड सुचवली. जाताना तुझा समुद्र, येताना माझा.

‘येताना रस्ता असेल कशावरून?’ ती म्हणाली.

आणि तिचं बरोबर निघालं. याच रस्त्यावर बिग सर भागात २०१७ मध्ये डोंगराचा एवढा मोठा तुकडा खाली आला, की रस्ता गाडला जाऊन पलीकडे समुद्रात नवीन जमीन तयार झाली. तो टप्पा उघडायला २०१८ चा जुलै उजाडला. तिनं हे आधीच वाचून ठेवलं होतं. पंचवीस वर्षांच्या संसारात मी एकदा वाटाघाटीत जिंकत होतो, तर डोंगर आडवा आला.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट ओशन रोडवर सगळ्यांचं जवळजवळ जमलं होतं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ अशी तेरा वर्षं खपून, बरंचसं कुदळ-फावड्यानं, आपल्या मेलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ केलेला रस्ता. हे ऐकून आईसुद्धा गप्प झाली. मग मुलानं ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ दाखवले. समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके, नाव ‘बारा प्रेषित’. आईनं चष्मा लावून मोजले. पुन्हा मोजले.

‘अरे, हे बारा कुठे आहेत?’

नव्हतेच कधी. नऊ होते, त्यातला एक २००५ मध्ये कोसळला, आठ राहिले.

‘नऊ असताना बारा सांगितले?’ आई म्हणाली. ‘आणि बाथरूमबद्दल हेच लोक सांगणार?’

रकाना लाल झाला. आइसलंडही असंच गेलं. तिथला १९७४ मध्ये पूर्ण झालेला, बेटाला १,३०० किलोमीटरचा वेढा घालणारा गोल रस्ता निदान दिशेचा वाद मिटवेल असं मला वाटलं होतं. पण घड्याळाच्या काट्यांसारखं फिरायचं की उलटं, यावर दोन संध्याकाळी गेल्या.

याच सुमारास वाचता वाचता मला माझे पूर्वज सापडले. अठराव्या शतकात इंग्लंडमधली हौशी मंडळी निसर्ग बघायला निघताना खिशात एक काळसर, किंचित फुगीर आरसा ठेवायची. क्लॉड लोरँ या चित्रकाराच्या नावावरून त्याला ‘क्लॉड ग्लास’ म्हणत. सुंदर दृश्य आलं की त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, आरसा समोर धरायचा आणि त्यात बघायचं. रंग मवाळ होतात, चौकट आयती मिळते, चित्र बघितल्यासारखं वाटतं. मला भरून आलं. मी आजवर जो काही निसर्ग बघितला, तो असाच, पाठ करून, रिअरव्ह्यू मिररमध्ये. त्यांच्या आरशात फक्त तोंड उघडं टाकून झोपलेला मुलगा आणि मागून डिपर मारणारी जीप नसायची.

निवड अखेर केली ती पासपोर्टांनी. आधीच्या दोन वर्षांत ते एकेक करून संपले होते. आईचा तर दोनदा संपल्यासारखा दिसत होता, कारण फोटोत ती नाहीच असं तिचं म्हणणं. तीन आठवडे आम्ही ज्या जगाची वाटणी करत होतो, ते एका ड्रॉवरमध्ये मिटलं. मग अर्ध्या तासात, उभ्याउभ्या, जवळचा एक घाट आणि त्यापलीकडचं तळं ठरलं. नाव सांगत नाही, कारण ते कुणी सुचवलं यावर अजून वाद आहे. बाथरूमच्या रकान्यात दहापैकी आठ.

आणि गाडी मुलगी चालवणार होती. ‘बघू’चे दिवस संपले होते. बायको मागे गेली, म्हणाली, ‘बस पुढे. घे एकदाची तुझी खिडकी.’ मी कागद काढून दिशा तपासली. जाताना दरी माझ्या बाजूला. वीस वर्षांची थकबाकी एका हप्त्यात मिळणार होती. मी काच पुसली. आतून आणि उतरून बाहेरूनही.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणाला दरी उघडली आणि मी ‘वा!’ म्हणालो. दुसऱ्या वळणाला मान वळवून खालची नदी बघितली. तिसऱ्या वळणाला नदी जागेवर नव्हती. चौथ्या वळणाला मी काहीच बोलत नव्हतो, हे आधी मुलाच्या लक्षात आलं. या विषयात त्याची नजर तयार आहे.

‘बाबा, पिशवी देऊ?’

‘काही नाही, जरा...’

‘मनाचे खेळ असतात,’ तो मायेनं म्हणाला आणि पिशवी उघडून माझ्या हातात दिली.

पुढचं वर्णन करत नाही. दहा मिनिटं गाडी कडेला होती, सगळे उतरून दरी बघत होते आणि मी बोनेटला टेकून डांबर बघत होतो. पुन्हा निघताना मुलीनं आरसा नीट केला आणि मला सूचना दिल्या. ‘बाबा, आता बाजूला अजिबात बघायचं नाही. मान सरळ. लांब समोर रस्त्यावर नजर लावून ठेव, म्हणजे डोळे आणि कान एकच सांगतील. दरीकडे बघू नकोस, काय?’

मी मान सरळ ठेवली. डाव्या कानाशी वारा येत होता, मागून ‘अय्या’, ‘ते बघ’, ‘केवढा मोठा आहे’ असं चाललं होतं, पाण्याचा आवाज आला आणि गेला. समोर एक टँकर होता. याचे दोन्ही ब्रेकलाइट चालू होते.