प्लग बसला म्हणून चित्र येत नाही

गेले काही महिने एक मेसेज या ग्रुपातून त्या ग्रुपात फिरतोय. शाळेच्या अडगळीतून किंवा भंगारवाल्याकडून बीबीसी मायक्रो हा जुना कॉम्प्युटर हाती लागलेल्या माणसाला धीर देणारा. मजकूर थोडक्यात असा:

"एक, मॉनिटरची काळजी नको, व्हीजीएची केबल करून घ्या, कुठलाही एलसीडी चालतो. दोन, नाहीच जमलं तर मूळचा 'कब' मॉनिटर विलायतेतून मागवा, तिसरा मार्ग नाही. तीन, मागचं 15 पिनांचं सॉकेट म्हणजे पीसीचंच जॉयस्टिक पोर्ट. चार, फ्लॉपी ड्राइव्ह कुठल्याही जुन्या पीसीतला काढून लावा. पाच, मशीन बीप देऊन चालू झालं म्हणजे पॉवर सप्लाय ठणठणीत. सहा, कॅसेट प्लेअर नसला तरी मोबाइल पुरतो."

सहापैकी एक विधान खरं आहे, एक अर्धं खरं. उरलेल्या चारांपैकी दोन पैशाला चाट लावतात आणि दोन मशीनला.

हा मेसेज आपल्याकडे फिरतो याला कारण आहे. डिसेंबर 1981 मध्ये एकॉर्न कंपनीने ब्रिटनमध्ये आणलेलं हे मशीन 1984-85 मध्ये शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या 'क्लास' प्रकल्पातून आपल्या सरकारी शाळांत आलं. पुढे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने 'एससीएल युनिकॉर्न' नावाने तेच इथे बनवलं. त्यामुळे परदेशी असूनही ते अधूनमधून आपल्या भंगारात उगवतं.

पाचवा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात धूर आहे.

माझं मशीन पहिल्यांदा लावलं तेव्हा खालच्या पट्टीतला बू, मग वरच्या पट्टीतला बीप, पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर 32के', खाली कर्सर. सगळं झकास. वीसेक मिनिटांनी मागच्या जाळीतून पांढरा धूर निघाला आणि खोलीत असा उग्र वास भरला की डोळे चुरचुरले. गंमत म्हणजे कर्सर तेव्हाही शांतपणे लुकलुकत होता. बटण बंद करेपर्यंत मशीनला काही झालंय हे पडद्यावरून कळलंच नसतं.

होतं असं, की पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या तोंडाशी फिल्टरचे दोन कंडेन्सर असतात, पारदर्शक पिवळट आवरणाचे, आत कागद. चाळीस वर्षांत आवरणाला बारीक तडे जातात, तड्यांतून ओल शिरते, आणि आपल्या पावसाळ्याला ओल कमी नाही. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मशीनला अचानक 230 व्होल्ट मिळाले की ते फुटतात. पण ते 5 व्होल्टच्या वाटेत नसतात, त्यामुळे मशीन चालूच राहतं. म्हणजे बीप हा पॉवर सप्लायच्या तब्येतीचा दाखला होऊच शकत नाही. आधी झाकण उघडा, ते दोन कंडेन्सर बघा, तडा दिसो न दिसो, 'एक्स-2' दर्जाचे नवे घाला. हा भाग थेट मेन्सचा आहे. हात सरावलेला नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, त्याचं पंधरा मिनिटांचं काम आहे.

आता मॉनिटर.

व्हीजीए म्हणजे पीसीच्या मॉनिटरची जोडणी. तिच्या केबलचा सल्ला देणाऱ्याने प्लग पाहिलाय, सिग्नल पाहिलेला नाही. बीबीसी मायक्रो सेकंदाला 15,625 ओळी काढतो, टीव्हीच्या मापाने, कारण तो टीव्हीसाठीच बनला होता. व्हीजीए मॉनिटरला किमान 31 हजारांच्या आसपास ओळी लागतात. केबल म्हणजे तांब्याच्या तारा. त्या ओळींची संख्या दुप्पट करत नाहीत. म्हणून बहुतेक एलसीडी 'आउट ऑफ रेंज' म्हणतो आणि झोपी जातो. 15 हजारांवर उतरणारे एलसीडी आहेत, पण थोडे. त्यातही मायक्रोच्या 6 पिनांच्या आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे देणाऱ्या) सॉकेटातून आडवा-उभा सिंक, म्हणजे ओळ आणि चित्र कधी सुरू करायचं ती खूण, एकाच तारेतून येतो, व्हीजीएला दोन वेगळ्या तारा हव्यात. शिवाय इथले रंग 5 व्होल्टच्या लॉजिकचे, व्हीजीएचे 0.7 व्होल्टपर्यंतचे. तीन ठिकाणी न जुळणारी गोष्ट एका केबलीने जुळवणार कशी?

"मग पीसी-एक्सटीच्या काळातला जुना मोनोक्रोम मॉनिटर?" असं एका मित्राने विचारलं. भंगारात ते खूप सापडायचे. पण ते हर्क्युलिस जातीचे, 18 हजार ओळींवर चालणारे. तेही नाही.

म्हणून मेसेज उडी मारून थेट 'कब'वर जातो. मायक्रोव्हिटेकचा 'कब' उत्तम मॉनिटर होता, पत्र्याच्या पेटीतला, ब्रिटिश शाळांत हमखास दिसणारा. पण काचेची पिक्चर ट्यूब जहाजातून मागवायची, भाडं मॉनिटरपेक्षा जास्त भरायचं, आणि वाटेत मान मोडली तर पत्र्याची पेटी तेवढी हाती येणार. तिसरा मार्ग नाही हे तर साफ चूक. मला तीन ठाऊक आहेत, आणि पहिला बहुतेकांच्या माळ्यावर पडलेला असतो.

मायक्रोच्या मागे बीएनसीचं एक गोल सॉकेट आहे, सीसीटीव्हीच्या केबलीला असतं तसंच. त्यातून कंपोझिट व्हिडिओ, म्हणजे अख्खं चित्र एकाच तारेत, निघतो. बीएनसीचं आरसीए करणारी चिमुकली पिन सीसीटीव्ही बसवणाऱ्या कुणाहीकडे मिळते. ती लावून घरातल्या जुन्या ओनिडा किंवा व्हिडिओकॉनच्या पिवळ्या एव्ही सॉकेटात घाला, चित्र आलंच. इथे आपलं नशीब चांगलं: भारतही टीव्हीच्या पाल पद्धतीचा, 50 हर्ट्झचा देश. अमेरिकन होम कॉम्प्युटर आणलेल्यांना रंगासाठी जी मारामारी करावी लागते ती इथे नाही. एकच, हे चित्र बहुधा कृष्णधवल येतं. बोर्डावरचा 'एस 39' हा जोड जुळवला की रंग येतात. मी तो जुळवून पुन्हा काढला. रंग मिसळले की 80 अक्षरांच्या ओळीचा चिखल होतो. कृष्णधवलमध्ये तीच ओळ कोरल्यासारखी दिसते.

दुसरा मार्ग, पिवळ्या पिनेचं एचडीएमआय करणारी चिनी डबी. चालते. पण मशीन ज्याला इंटरलेस म्हणतं तो अर्ध्या ओळीचा झोल या डबीला झेपत नाही आणि अक्षरं थरथरतात. त्यावर मशीनमध्येच उतारा आहे: *टीव्ही 0,1 असं टाइप करा आणि मोड (पडद्यावरच्या मांडणीचा प्रकार) बदला. (हो, वाचायचं 'स्टार टीव्ही'च. चॅनेल यायला तेव्हा दहाएक वर्षं होती.) इंटरलेस बंद होतो, अक्षरं स्थिर होतात. मोड 7 मध्ये मात्र हा उतारा लागू पडत नाही, आणि मशीन सुरू होतं ते नेमकं मोड 7 मध्ये.

तिसरा मार्ग सगळ्यात देखणा: 'आरजीबी-टू-एचडीएमआय' नावाचा छोटा बोर्ड, ज्याच्या पाठीवर रास्पबेरी पाय झीरो हा चिमुकला कॉम्प्युटर बसतो. तो 5 व्होल्टचे आरजीबी थेट वाचतो, एकेक ठिपका मोजून घेतो. चित्र इतकं स्वच्छ येतं की 1980 च्या दशकात ते कुणी असं पाहिलंच नसेल. 'कब'च्या निम्म्यानेही खर्च नाही.

जॉयस्टिकचा मुद्दा छोटा, पण घातक. सॉकेट हुबेहूब तेच, 15 पिनांचं, दोन रांगांचं. पीसीच्या पोर्टावर 1 आणि 8 या दोन्ही पिनांवर 5 व्होल्ट असतात, म्हणून काही जॉयस्टिकांत त्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. मायक्रोवर 1 नंबरला 5 व्होल्ट आणि 8 नंबरला ग्राउंड. घातली की शॉर्ट. आणि शॉर्ट नाही झाला तरी काठी हलवून काही होत नाही, कारण पीसी रेझिस्टन्स मोजतो आणि मायक्रो व्होल्टेज. मल्टिमीटरने 1 आणि 8 तपासल्याशिवाय त्या सॉकेटला काही लावू नका. खरं तर लावायची गरजच काय? या मशीनचे बहुतेक गेम झेड, एक्स आणि उजवीकडच्या दोन बटणांवर खेळायचे.

फ्लॉपी ड्राइव्ह हे अर्धं सत्य. आधी तुमच्या मशीनमध्ये डिस्क कंट्रोलरची चिप आहे का ते बघा, अनेकांत नसतेच. असेल तर पीसीचा साडेतीन इंची ड्राइव्ह सरळ 34 तारांच्या पट्टीने लागतो, पण तो कारखान्यातूनच दुसरा ड्राइव्ह म्हणून सेट केलेला असतो, त्यामुळे 0 वर शोधाल तर सापडणार नाही, 1 वर बघा. पीसीचा 1.2 एमबीचा सव्वापाच इंची मात्र नको. तो मिनिटाला 360 फेरे घेतो, मायक्रोला 300 हवेत. माझ्याकडे आता ड्राइव्हच्या जागी गोटेक आहे, फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग घेणारी डबी, तिच्यात पेन ड्राइव्ह खुपसायचा. बुरशी धरलेल्या फ्लॉप्या पुसत बसण्याची हौस फिटली.

मोबाइलचं विधान खरं. या मशीनचे प्रोग्राम कॅसेटवर आवाजाच्या रूपात, ब्लॉक-ब्लॉकने साठवलेले असतात, तोच आवाज मोबाइलही वाजवू शकतो. सात पिनांच्या कॅसेट सॉकेटला तार जोडायची, दुसरं टोक हेडफोनच्या भोकात, आवाज जवळजवळ पूर्ण, इक्वलायझर बंद. कॅसेटीपेक्षा बरंच, कारण टेप ओढली जात नाही. फक्त फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका. मी टाकला नव्हता. अकरा ब्लॉक नीट उतरले, बाराव्याच्या मधोमध ग्रुपवरच्या मेसेजचं टिंग वाजलं आणि पडद्यावर 'डेटा?' अशी प्रश्नार्थक तक्रार उमटली.