‘जमत नाही, म्हणून दोषही नाही’? जरा थांबा

नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: पित्याने ओढल्याशिवाय कोणी येशूकडे येऊ शकत नाही, हे बायबलच सांगतं. मग ‘विश्वास ठेव’ ही आज्ञा कशी? जे जमतच नाही त्याची शिक्षा हा अन्याय. वर टोमणा: सगळं देवच करणार, तर सुवार्ता सांगत गावोगाव कशाला हिंडता?

पहिलं वाक्य बरोबर आहे, योहान ६:४४. पण लिहिणाऱ्याने एक पान मागे उलटलं असतं तर ५:४० दिसलं असतं. तिथे तोच येशू म्हणतो की जीवन मिळावं म्हणून माझ्याकडे यायची तुमची इच्छाच नाही. येता येत नाही, कारण यायचं नाही. रोमकरांस ८:७ मध्येही देहस्वभाव देवाच्या नियमाला वश होऊ शकत नाही, त्याचं कारण वैर असंच दिलंय.

बांधावरून बिनसलेले सख्खे भाऊ आपल्याकडे गावोगाव आहेत. घरं समोरासमोर, पाण्याची पाळी एकाच विहिरीवर. धाकट्याला म्हणा, आखाजीला तरी जाऊन ये. तो म्हणतो, “मरेन, पण त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवणं माझ्याकडून होणार नाही.” आणि खरंच होत नाही. पाय धड, वाट पाठ. म्हणून गाव त्याला निर्दोष ठरवतं का? उलट, वैर जितकं मुरलेलं तितका बोल जास्त. तोच भाऊ अंथरुणाला खिळलेला असता, तर कोणी चकार शब्द काढला नसता. अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्स या धर्मपंडिताने १७५४ साली नेमका हाच भेद मांडला: अंगात बळ नसणं वेगळं, मनाला नको असणं वेगळं. मेसेजने दोन्ही एकत्र कालवले.

आज्ञा आहे म्हणजे ताकदही असणारच, हा तर्क जुनाच, पाचव्या शतकातल्या पेलागियस या धर्मशिक्षकाचा. ‘तू आज्ञा करतोस ते तूच दे, आणि मग हवी ती आज्ञा कर’ या त्याच काळातल्या बिशप ऑगस्टीनच्या प्रार्थनेवर पेलागियस भडकला होता. पण पूर्ण जिवाने देवावर प्रीती करा, ही आज्ञा घ्या. पाळून दाखवणारा कोण? तरी ती कोणी रद्द मागत नाही. शिवाय ख्रिस्ताची आज्ञा नुसती मागत नाही, देतेही. वाळलेल्या हाताच्या माणसाला ‘हात लांब कर’ म्हटलं, तेव्हाच तो हात बरा झाला.

टोमण्याचं उत्तर इतिहासातच आहे. ज्याचं मन देवाने अजून बदललेलं नाही त्याला ‘विश्वास ठेव’ म्हणू नये, असं मानणारे इंग्लंडमध्ये होते. बॅप्टिस्ट पाळक अँड्र्यू फुलरने १७८५ मध्ये त्यांना खोडून काढलं. तोही देवाची कृपा आधी असं मानणाराच. त्याचाच साथी, मिशनरी विल्यम कॅरी, १७९३ मध्ये बंगालला आला, आणि १८०५ मध्ये त्याने मराठीचं व्याकरणही छापलं. हिंडणं थांबलं नाही, वाढलं.

‘मला ओढलंय का’ हे आधी तपासत बसा, असं शुभवर्तमान कुठेच सांगत नाही. त्याच सहाव्या अध्यायात, सात वचनं आधी, जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही असं आहे. मेसेजमधून ते वचन गळालंय.