काउंटरला पेप्टाइड ठेवा म्हणे!

आज दुपारी जेवायला बसलो तर एका जिमवाल्याचा फोन. "दादा, रिकव्हरीचे पेप्टाइड आलेत, तुमच्या मेडिकलला ठेवा ना. पोरं विचारतात, कमिशन चांगलं आहे." पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, प्रथिनाचा तुकडाच म्हणा; दुखापत लवकर भरावी म्हणून हे लोक ती सुईने टोचतात. ताटात वरण-बट्टी होती म्हणून तोंड आवरलं. आता दुकान बंद करून लिहितोय, आता आवरणार नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीची गोष्ट. तेव्हा चोपड्याला ऊन कसं असतं ते आपल्या लोकांना सांगायला नको. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा लंगडत काउंटरला आला. "दादा, इन्सुलिननी सुई शे का?" म्हटलं, "कोणले शुगर शे?" तर म्हणे, "कोणलेच नही." आणि खिशातून बाटली काढली. अंगठ्याएवढी, तळाला पांढऱ्या भुकटीची चकती चिकटलेली, वर निळं टोपण. लेबलवर बीपीसी-157 आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरात: फक्त संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही. कंपनीचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही. असं लेबल असलेली साधी तापाची गोळी मी विकली तर इन्स्पेक्टर माझं शटर पाडेल, आणि हे लोक कुरिअरने सुईचं औषध विकतात!

पोराच्या मांडीमागची शीर 1600 मीटर पळताना गेलेली. ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, 50 मार्कांतले 20 त्या 1600 मीटरचे. बाप दुसऱ्याच्या मळ्यात केळीचे घड वाहतो. बाटलीचे पैसे उसने. कोणी सांगितलं रे घ्यायला? "सरनी सांगं."

सर! शिट्टी गळ्यात अडकवली की सर.

पेप्टाइड म्हणजे विष नव्हे, कबूल. इन्सुलिनही 51 अमिनो आम्लांचं पेप्टाइडच आहे आणि त्यावर लाखो लोक जगतात. पण इन्सुलिन माणसांवर तपासलंय. हे बीपीसी म्हणजे जठररसातल्या एका प्रथिनाचा 15 अमिनो आम्लांचा तुकडा. क्रोएशियात झाग्रेबच्या लोकांनी उंदरांवर त्याचं पुष्कळ काम केलं. उंदराची टाचेची शीर कापली, औषध दिलं, लवकर जुळली. जुळली असेल, माझं काही म्हणणं नाही. माणसांवरचे अभ्यास मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच, तेही छोटे.

मोठे खेळाडू घेतात म्हणे. घेतात ना! ऑस्ट्रेलियात एसेंडन क्लबच्या 34 फुटबॉलपटूंवर थायमोसिन बीटा-4 नावाच्या पेप्टाइडपायी 2016 साली बंदी आली. बीपीसी-157 सुद्धा 2022 पासून वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत आहे. हे रीलमध्ये कोणी सांगत नाही.

त्या पोराने मोबाइलमध्ये डोसचा तक्ता दाखवला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तक्ता 100 युनिटवाल्या सुईचा, म्हणजे 1 मिलीला 100 युनिट. आपल्याकडे मेडिकलला सर्रास मिळते ती लाल टोपणाची, 40 युनिटची. तिकडचे 10 युनिट म्हणजे 0.1 मिली, इकडच्या सुईत 10 म्हणजे 0.25 मिली. सरळ अडीचपट! आणि भुकटी कालवायला त्याला हवं होतं इंजेक्शनचं साधं पाणी. ते एकदा फोडलं की तेव्हाच वापरायचं, उरलं तर फेकायचं. हा गडी त्यात कालवून महिनाभर टोचणार होता. घरी फ्रिज नाही. "माठजोडे ठी दिसू," म्हणे. माठाजवळ ठेवणार!

संशोधन करायचंय ना भो, मग करा की रीतसर. आपल्या देशात औषधचाचणीचे 2019 चे नियम आहेत. समजावून सांगून संमती घ्यावी लागते, नीतिसमितीची परवानगी लागते, चाचणीपायी इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही द्यावी लागते. इथे प्रयोग कोणावर, तर घड वाहणाऱ्याच्या पोरावर, आणि पैसेही त्याच्याचकडून. हात सुजला, गळू झालं, तर सर फोन उचलणार नाहीत.

पोरावर राग नाही माझा. वय सरत चाललंय, जाहिरात कधी निघेल भरवसा नाही, आणि दुखणं ऐन ग्राउंडच्या तोंडावर. शीर जुळायला आठवडे लागतात, हळूहळू व्यायाम वाढवावा लागतो, हे त्याला नीट सांगणारा फिजिओ शोधायचा तर जळगावला जा. एसटीचं भाडं, रोज बुडणार, फी वेगळी. बाटली घरपोच येते. कोणीही बाटलीच मागवेल.

सुई मी दिली नाही. दुसऱ्या दुकानी मिळाली असेल, एवढं मलाही कळतं. जळगावच्या एका ओळखीच्या फिजिओला फोन लावून दिला, त्याने व्हिडिओ कॉलवर पोराकडून दोन-तीन व्यायाम करून घेतले, काउंटरच्या मागे, खोक्यांच्या गर्दीत. गिऱ्हाइकं बघत उभी.

जिमवाल्याचा नंबर ब्लॉक केलाय. आणि खाली "दादा, मला तर फरक पडला" असं लिहायला येणाऱ्यांनी आधी आपल्या बाटलीवरचा बॅच नंबर टाकावा, मग बोलू.