मंडपवाल्या आजोबांच्या रेकॉर्ड: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण तिच्यातले मुद्दे कामाचे आहेत, म्हणून इथेच सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मंडप-लाऊडस्पीकरवाल्यांच्या रेकॉर्ड घेताना वयाचे पैसे देऊ नका, आणि कव्हर नसलेली 78 ची (मिनिटाला 78 फेरे घेणारी, जुनी लाखेची) रेकॉर्ड भंगारात धरा. तुमचं म्हणणं असं: पुसद तालुक्यातल्या तुमच्या घरी आजोबांच्या मंडप-बिछायतीच्या धंद्यातल्या दीडशे रेकॉर्ड आहेत, सगळ्या पन्नास-साठ वर्षांच्या, चावीच्या ग्रामोफोनवर आजही खणखणीत वाजतात. आणि माझ्यासारख्यांच्या लिहिण्यामुळेच शहरातले व्यापारी खेड्यातला माल किलोच्या भावाने उचलून नेतात.

आधी कव्हरचं. तिथे मी चुकीचं लिहिलं. 78 ची रेकॉर्ड कंपनीच्या साध्या कागदी पाकिटात विकली जायची, मध्ये लेबल दिसायला भोक, आणि एकच पाकीट शेकडो वेगवेगळ्या गाण्यांना चालायचं. ते हरवलं म्हणून रेकॉर्डची किंमत फारशी उतरत नाही. एलपीचं (नंतर आलेल्या, हळू फिरणाऱ्या विनाइलच्या मोठ्या रेकॉर्डचं) मात्र तसं नाही. तिचं कव्हर त्याच रेकॉर्डसाठी छापलेलं असतं. ते फाटलेलं, वाळवीने खाल्लेलं किंवा भलत्याच रेकॉर्डचं असेल तर किंमत निम्म्यावर येते. तो लेख दुरुस्त करतो.

वयाच्या बाबतीत मात्र माझं मत तेच आहे. 1975 च्या 'शोले'च्या संवादांची एलपी इतकी खपली की आजही जुन्या बाजारात सहज सापडते. पन्नास वर्षं झाली तरी ती दुर्मिळ झाली नाही. आता दुसरी बाजू बघा. इंग्लंडमध्ये 1960 च्या आसपास 78 च्या रेकॉर्ड निघणं बंद झालं. आपल्याकडे गावोगाव वीज नव्हती, चावीचे ग्रामोफोन होते, म्हणून कलकत्त्याच्या दमदम कारखान्यात 78 निघतच राहिल्या. त्यामुळे बीटल्स या इंग्लंडच्या बँडची सुरुवातीची गाणी 78 वर भारतात छापली गेली आणि आज जगभरचे संग्राहक त्या शोधत असतात. म्हणजे 1964 ची 78 ही 1930 च्या एखाद्या खूप खपलेल्या रेकॉर्डपेक्षा कितीतरी महाग असू शकते. किती छापल्या, किती उरल्या, उरलेल्यांतल्या किती चांगल्या आहेत आणि त्या मागणारे किती आहेत, एवढ्यावर भाव ठरतो. लग्नात कुणी मागत नाही म्हणून कोपऱ्यात पडलेली इंग्रजी रेकॉर्ड तुमच्या दीडशेत असेल, तर सगळ्यात आधी ती काढा.

आता मंडपाच्या रेकॉर्डबद्दल मी कडक का लिहितो ते. एक एलपी घ्या, दुपारी दाराशी उभे राहा आणि उजेड तिरका पडेल अशी धरा. चांगली रेकॉर्ड काळ्या आरशासारखी चमकते. झिजलेलीवर राखेसारखी करडी झाक दिसते, जिथे गाणं मोठ्याने चढतं तिथे आधी. मग मधल्या भोकाभोवती लेबल बघा. रेकॉर्ड चाकीवर ठेवताना खिळा चाचपडत लेबलावर टेकतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उठतात. दोन-चार रेघा म्हणजे रेकॉर्ड घरात वाजलेली. सगळं जाळंच झालं असेल तर ती प्रत्येक हळदीला आणि प्रत्येक वरातीला वाजली आहे. त्या काळच्या साध्या प्लेअरची सुई पाच-सहा ग्रॅम दाबाने चालायची, आजचं चांगलं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) दोन ग्रॅमच्या आसपास चालतं. त्यात झिजलेली सुई सीझन संपेपर्यंत कोण बदलतो?

चावीच्या ग्रामोफोनचा प्रकार आणखी वेगळा. त्याची पोलादी सुई एका बाजूसाठीच असते. 78 च्या मालात दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळलेली असते, ती सुईला घासून खाचेच्या, म्हणजे सुई जिच्यातून फिरते त्या बारीक चरीच्या, मापाची करते. तीच सुई दुसऱ्या बाजूला लावली की तिची धार पटाशीसारखी खाच कापते. तुमच्या रेकॉर्ड खणखणीत वाजतात, कारण भोंगा मधले सूर उचलतो आणि खरखर बरीचशी गिळतो. त्याच रेकॉर्डवर हलकी सुई ठेवा, टिनावर पावसाची झड आल्यासारखं ऐकू येईल. आणि एक विनंती: त्या मशीनवर एलपी एकदाही लावू नका. साऊंडबॉक्सचं, म्हणजे सुई धरणाऱ्या गोल डबीचं, वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं, पहिल्याच वेळेला खाच जाते. उलट, एलपीची सुई 78 ला लावली तर ती रुंद खाचेच्या तळाशी घाणीत लोळते. 78 ला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 75 मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते.

ओरखडा नखाने तपासा. नख अडकलं तर टकटक येणारच. एलपीवर ती दर 1.8 सेकंदांनी येते, 78 वर पाऊण सेकंदाने. नख न अडकणाऱ्या केसासारख्या रेघा बहुधा निरुपद्रवी असतात. व्यापारी जिला 'व्हीजी प्लस' ('व्हेरी गुड'च्या थोडी वर) म्हणतात तिचा भाव जवळपास नव्यासारख्या प्रतीच्या अर्धा, नुसत्या 'व्हीजी'चा पाव, आणि झिजून करड्या झालेलीचा दहा-पंधरा टक्के. किलोच्या भावाला उत्तर द्यायचं तर हे तपासणं आधी तुमच्या हातात यायला हवं.

धुण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की स्पिरिटने पुसल्यावर काही रेकॉर्ड पांढुरक्या झाल्या. त्या 78 असणार. 78 ही लाखेची, आपल्या पळसा-बोरीवर येते त्याच लाखेची. सुतार पॉलिश करताना चपडा (लाखेचे पापुद्रे) स्पिरिटमध्येच विरघळवतो ना? तुमच्या रेकॉर्डचंही तेच झालं, आणि ते परत येत नाही. 78 साठी एक लिटर डिस्टिल्ड पाणी आणि बिनवासाच्या सौम्य लिक्विड साबणाचे तीन-चार थेंब घ्या. लेबलावर वाटी पालथी धरा, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने गोल पुसा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा निथळा आणि सावलीत उभी वाळवा. विनाइलच्या एलपीला तीन भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. बोअरचं पाणी कशालाच नको. ते वाळल्यावर खाचेत क्षार बसतात आणि सुई त्यावरून दळत जाते.

आजोबांच्या मंडपाचा रबरी शिक्का लेबलावर आहे, तो खोडू नका. संग्राहक त्याचे पैसे कापतात हे खरं, पण खोडताना लेबलाचा कागद सोलतो आणि नुकसान वाढतं.

रेकॉर्ड कवेलूच्या घरात खाली ठेवा, टिनाच्या माळ्यावर कधीच नको. विनाइल साठ अंशांच्या वर मऊ पडतं, लाखही ऊन सोसत नाही, आणि मे महिन्यात टिनाखाली किती तापतं ते तुम्हाला सांगायला नको. कुलरच्या झोतात तर मुळीच नको. दमट हवेने कव्हरवर बुरशी चढते, मग ती खाचेत उतरते. एकावर एक रचू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. वाकलेली एलपी काचेत दाबून उन्हात ठेवायचा सल्ला फिरतो, तो ऐकू नका. ती सपाट होता होता खाचाही बसतात.

वऱ्हाडी भजनं, कीर्तनं, खडी गंमत (विदर्भातलं तमाशासारखं लोकनाट्य) यातल्या छोट्या कंपन्यांच्या रेकॉर्ड दीडशेत निघाल्या तर त्यांना आज बाजारभाव कमी मिळेल. तरी विकू नका. अशा गोष्टींची नोंद फार कमी ठिकाणी आहे. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स नावाची संस्था आहे, तिच्याकडे यादी पाठवता येईल. यादीत कलाकार, गाणं, लेबलावरचा क्रमांक आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (कारखान्याने त्या ध्वनिमुद्रणाला दिलेला) हवा. तो मॅट्रिक्स मोबाईलचा टॉर्च आडवा धरला की वाचता येतो. एचएमव्हीच्या एलपीवरच्या क्रमांकाआधी ईएएलपी आहे की ईएएसडी तेही लिहा. दुसरी स्टिरिओची मालिका.

दीडशेचे फोटो एकदम नकोत. आधी इंग्रजी गाण्यांच्या 78, मग आर. डी. बर्मन यांच्या सत्तरच्या दशकातल्या एलपी, मग वऱ्हाडी. प्रत्येकीचं लेबल आणि ती कोरी पट्टी, दोन्ही बाजूंची. कुठल्या व्यापाऱ्याला हो म्हणायच्या आधी पाठवा.