निवांतपणा, पण फुल्ल व्हॉल्यूमवर!

सुट्टीच्या दिवशी ५ चा गजर लावून उठायचं, कयाक खांद्यावर घेऊन धापा टाकत तळ्यापर्यंत जायचं, ते कशासाठी? शांततेसाठीच ना? पाणी आरशासारखं. वल्हं उचललं की पात्यावरून निथळणारे थेंबसुद्धा ऐकू येतात. कडेला बगळा एका पायावर. दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं स्वर्ग!

आणि मग ढिंच्याक ढिंच्याक! पलीकडच्या काठावर कुणा रसिकाने स्पीकर लावलेला. अहो, सकाळी पाण्यालगतची हवा गार असते आणि वरची उबदार. त्यामुळे आवाज वर निघून जायच्या ऐवजी खाली वळतो आणि पाण्यावरून सरळ माझ्या कानात शिरतो. म्हणजे गाणं तुमचं, कार्यक्रम माझ्यासाठी! शिवाय रात्री तंबूत कोण घोरलं, चार्जर कुणी हरवला, ही बातमीपत्रंही फुकट.

तेवढ्यात जेट स्की. एवढं मोठं तळं, पण गोल फिरायचं ते माझ्याच भोवती. बगळा केव्हाच पसार, माझ्या मांडीवर अर्धं तळं. वर डोक्याभोवती डासासारखा घोंघावणारा ड्रोन. कशाचं शूटिंग चाललंय रे बाबा? माझ्या टकलाचं?

कहर म्हणजे हीच मंडळी संध्याकाळी फोटो टाकणार आणि खाली लिहिणार, ‘निसर्गाच्या कुशीत निवांत क्षण’. निवांत? कुणाचा?

उद्या ४ चा गजर लावतोय.