समर कॅम्प स्लॅशर: सगळेच एका माळेचे मणी नाहीत

ऑक्टोबर लागला की भयपटांच्या याद्या फिरू लागतात आणि त्यांच्यासोबत एक मजकूरही हमखास येतो. थोड्याफार फरकाने तो असा असतो: "‘हॅलोवीन’ चालला म्हणून ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ काढला, तो चालला म्हणून शेकडो फालतू कॅम्प स्लॅशर निघाले. सगळ्यांची गोष्ट एकच. तळं, जंगल, मुखवट्यातला खुनी, प्रणय करणारे मरतात, सोवळी मुलगी वाचते. ना पैसा, ना कला, नुसतं रक्त." लोक मान डोलावतात आणि पुढे पाठवतात. मी हे सिनेमे, म्हणजे उन्हाळी शिबिरात एखादा खुनी एकेकाला मारत सुटतो अशा धाटणीचे भयपट, वर्षानुवर्षं मन लावून पाहत आले आहे. या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एक तर अर्धवट आहे, नाही तर साफ चूक. म्हणून एकेक घेऊन उत्तर देते. पुढे काही शेवट उघड होतील, त्याला इलाज नाही.

"‘हॅलोवीन’ची नक्कल." नक्कल होती, यात वादच नाही. ‘फ्रायडे’चे दिग्दर्शक शॉन कनिंगहॅम आणि लेखक व्हिक्टर मिलर यांनी ते कधी लपवलं नाही. १९७९ च्या उन्हाळ्यात पटकथेचा पत्ता नसताना कनिंगहॅमने ‘व्हरायटी’ या सिनेव्यवसायाच्या पत्रात सिनेमाच्या नावाची जाहिरात देऊन टाकली होती. म्हणजे आधी नाव, मग गोष्ट. भूतकाळातल्या खुनाने सुरुवात, खुन्याच्या नजरेतून सरकणारा कॅमेरा, कॅलेंडरवरच्या तारखेचं शीर्षक, शेवटी एकटी उरलेली मुलगी, एवढं सगळं जॉन कार्पेंटरच्या १९७८ च्या सिनेमातून सरळ उचललेलं आहे.

पण जे उचललं नाही तेही बघायला हवं. ‘हॅलोवीन’मध्ये खुनी कोण हे सुरुवातीच्या काही मिनिटांतच कळतं. मायकेल मायर्स कुंपणाआड उभा दिसतो, खिडकीतून दिसतो, आणि त्याच्या तसं दिसण्यातच भीती आहे. त्याला कारण नाही. ‘फ्रायडे’त खुनी जवळजवळ अखेरपर्यंत दिसतच नाही. दिसतो तेव्हा समोर असते स्वेटर घातलेली, गोड बोलणारी एक मध्यमवयीन बाई. तिचा मुलगा जेसन या तळ्यात बुडाला, कारण ज्यांनी त्याच्याकडे लक्ष ठेवायचं ते शिबिरातले ताई-दादा भलतीकडे होते. हिचकॉकच्या ‘सायको’त मुलगा आईच्या आवाजात बोलतो, इथे आई मेलेल्या मुलाच्या आवाजात स्वतःलाच ‘किल हर, मॉमी’ (मार तिला, आई) असं सांगते. संगीतकार हॅरी मॅनफ्रेडिनीने सिनेमाभर वापरलेली ती कुजबुज, ‘कि कि कि, मा मा मा’, याच वाक्याच्या अक्षरांतून बनवली आहे. आईच्या भूमिकेतल्या बेट्सी पामरचं हे काम डोळे नीट उघडे ठेवून पाहिलेला माणूस ‘नुसती झेरॉक्स’ असं म्हणणार नाही.

आणि ‘हॅलोवीन’ तरी कुठे आभाळातून पडला? त्यातल्या डॉक्टर लूमिसचं नाव ‘सायको’तल्या पात्राचं, त्याच्या नायिकेचं काम करणारी नटी ‘सायको’तल्या नटीची मुलगी. सणाच्या दिवसांत घरात शिरलेला अनोळखी खुनी आणि त्याच्या नजरेने फिरणारा कॅमेरा हे दोन्ही बॉब क्लार्कच्या ‘ब्लॅक ख्रिसमस’मध्ये, कॅनडात, १९७४ सालीच येऊन गेलं होतं. भयपट असेच एकमेकांच्या हातून पुढे आलेत. दुसऱ्याने घेतलं की चोरी आणि कार्पेंटरने घेतलं की परंपरा, हा न्याय मला मान्य नाही.

"ना पैसा" यावर तर आकडेच बोलतात. ‘हॅलोवीन’ सुमारे ३,२५,००० डॉलरमध्ये झाला आणि ‘फ्रायडे’ सुमारे ५,५०,००० डॉलरमध्ये. म्हणजे ज्याला आपण अभिजात म्हणतो तो सिनेमा त्याच्या तथाकथित स्वस्त नकलेपेक्षा स्वस्त होता. मायकेल मायर्सचा मुखवटा हा दुकानातून आणलेला ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा मुखवटा होता, पांढरा रंग मारलेला. तिथे काटकसरीला कल्पकता म्हणायचं आणि इथे दारिद्र्य?

"शेकडो", आणि वर "मुखवट्यातला खुनी". ही दोन विधानं करणाऱ्याने सिनेमे पाहिलेले नसून पोस्टरं पाहिली आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या ‘फ्रायडे’त कुणीही मुखवटा घालत नाही. दुसऱ्या भागात, १९८१ साली, आता स्वतः खुनी झालेल्या जेसनच्या डोक्यावर साधं पोतं आहे. हॉकीचा मुखवटा येतो १९८२ च्या तिसऱ्या भागात, आणि तो भाग शिबिरात घडतच नाही, तळ्याकाठच्या एका घरात घडतो. हॉकीचा मुखवटा घातलेला जेसन आणि शिबिराला आलेली लहान मुलं पडद्यावर एकत्र येतात ती थेट सहाव्या भागात, १९८६ मध्ये. मूळ सिनेमात तर मुलं पोचायच्या आधीच सगळं संपतं. मरतात ती बहुतेक शिबिर उघडायच्या तयारीला आलेली तरुण मंडळी. १९८० ते १९८३ च्या पहिल्या लाटेत खरोखर समर कॅम्पमध्ये घडणारे नावाजलेले स्लॅशर मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. "बाकीचे सगळे ‘फ्रायडे’ची नक्कल." १९८१ चा ‘द बर्निंग’ आणि १९८२ चा ‘मॅडमॅन’ या दोघांचं मूळ ‘फ्रायडे’त शोधणं म्हणजे एका जुन्या लोककथेवर पाणी सोडणं. न्यूयॉर्क राज्यातल्या शिबिरांमध्ये शेकोटीभोवती एक गोष्ट कित्येक वर्षं सांगितली जात होती, क्रॉप्सीची. प्रत्येक शिबिराचा क्रॉप्सी वेगळा. कुठे तो आपलं मूल गमावून वेडा झालेला प्रतिष्ठित माणूस, कुठे शिबिराचाच जुना रखवालदार. गाभा मात्र तोच राहतो. शिबिरातल्या कुणाच्या तरी बेपर्वाईने त्याचं आयुष्य जळालं आणि तो अजून या झाडीत फिरतो आहे. रात्री मुलांनी तंबूबाहेर पडू नये म्हणून अशा गोष्टींचा उपयोग होतो, हे शिबिराला गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

‘द बर्निंग’ने खुन्याचं नावसुद्धा तेच ठेवलं, क्रॉप्सी. काही मुलं खोडी म्हणून रखवालदाराच्या खोलीत मेणबत्त्या लावलेली कवटी ठेवतात, तो दचकून ती पाडतो आणि जिवंत जळतो. काही वर्षांनी तो बागकामाची मोठी कात्री घेऊन परत येतो. खोडी काढणाऱ्यांतलाच एक मुलगा आता शिबिरातला दादा झाला आहे आणि तोच शेकोटीपाशी क्रॉप्सीची गोष्ट सांगतो. खुन्याचा भूतकाळ आणि निवेदकाचा अपराध एकाच आगीभोवती बसलेले आहेत, हे ‘फ्रायडे’त कुठे आहे? ‘मॅडमॅन’चे निर्मातेही आधी क्रॉप्सीवरच सिनेमा करायला निघाले होते. ‘द बर्निंग’ तयार होतोय हे कळल्यावर त्यांनी खुनी बदलला आणि मॅडमॅन मार्झ नावाचा, कुऱ्हाडीने आपलं कुटुंब संपवणारा शेतकरी आणला. तो सिनेमाही शेकोटीवरच सुरू होतो. या झाडीत त्याचं नाव मोठ्याने घेतलं तर तो येतो असं सांगितलं जातं आणि एक मुलगा मुद्दाम ओरडतो. शेकोटीची गोष्ट संपल्यावर अंधारात जाण्याचं जे धाडस मुलं करतात, त्यावरच हा अख्खा सिनेमा उभा आहे.

एकाच लोककथेतून दोन गट एकाच सुमारास निघाले, याला नक्कल म्हणत नाहीत. पैशाच्या वासाने निघाले, हे खरं. ‘फ्रायडे’ने अमेरिकेत जवळपास ४ कोटी डॉलर कमावल्यावर अशा कथांना पैसा मिळू लागला, हेही खरं. पण म्हणून हे सिनेमे निव्वळ गल्लाभरू ठरत नाहीत. तसं पाहिलं तर ‘द बर्निंग’ गल्ला भरूही शकला नाही, अमेरिकेत तो सपशेल पडला.

"ना कला." इथे मला थोडा राग येतो. ‘फ्रायडे’त केव्हिन बेकन पलंगावर पडलेला असताना खालून येणारा बाण त्याच्या गळ्यातून बाहेर निघतो. ते दृश्य पडद्यावरच्या जखमा-रक्ताची करामत करणाऱ्या टॉम सविनीने असं जमवलं होतं: बेकन पलंगाखाली गुडघ्यांवर, डोकं तेवढं भोकातून वर, आणि पलंगावर पसरलेली मान नि छाती खोटी. ऐन वेळी रक्ताची नळी पंपापासून निसटली. मदतनीस टासो स्टाव्ह्राकिसने ती तोंडात धरून जीव खाऊन फुंकली, म्हणून रक्त तसं उसळून बुडबुडत आलं. दुसऱ्यांदा करायला ना वेळ होता ना खोटी मान. हाच सविनी पुढे ‘फ्रायडे’चा दुसरा भाग नाकारून ‘द बर्निंग’कडे गेला, कारण लहानपणी बुडालेला जेसन अचानक मोठा होऊन जंगलात राहतो हे त्याला पटेना.

‘द बर्निंग’मधलं राफ्टचं दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहते. होड्या नाहीशा झाल्यात, मुलांनी ओंडके बांधून राफ्ट केलाय, त्यावर काही जण मदत आणायला निघतात. लख्ख ऊन, शांत पाणी. लांबवर त्यांची हरवलेली होडी तरंगताना दिसते. सगळे खुशीत वल्ही मारतात आणि दिग्दर्शक टोनी मेलम ते अंतर कापायला भरपूर वेळ घेतो. मग होडीतून क्रॉप्सी उठतो, आभाळावर काळा, कात्री वर धरलेली, आणि काही क्षणांत राफ्टवर कुणी उरत नाही. ना काळोख, ना पाऊस, ना जिना. अंधाराशिवाय भीती उभी करणं अवघड असतं, आणि इथे ती उभी राहते. या दृश्याने बोटं तुटताना दाखवली म्हणून ब्रिटनमध्ये व्हिडिओ कॅसेटी जप्त झाल्या; ओरड रक्ताची झाली, दृश्याच्या बांधणीबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

"प्रणय करणारे मरतात, सोवळी वाचते." हा नियम १९९६ च्या ‘स्क्रीम’मधल्या व्हिडिओच्या दुकानात काम करणाऱ्या पोराने पाठ म्हणून दाखवला आणि तेव्हापासून तो वेदवाक्य झाला. शेवटी उरणाऱ्या मुलीवर अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मध्ये लिहिलं ते निरीक्षण होतं, कायदा नव्हे. ‘फ्रायडे’त वाचणारी ॲलिस गांजा ओढते, बिअर पिते, कपडे उतरवायच्या अटीवर मोनॉपॉली खेळते. दुसऱ्या भागातल्या जिनीचे शिबिरप्रमुखाशी उघड संबंध आहेत. खून सुरू असताना ती बारमध्ये बसलेली असते, नंतर जेसनच्या आईचा स्वेटर अंगावर चढवून त्याला क्षणभर फसवते, आणि वाचते ती या अकलेवर. ‘द बर्निंग’मध्ये कॅरन मुलाला नकार देते आणि तरीही मरते. त्या सिनेमात शेवटी क्रॉप्सीसमोर उरतात ते दोन मुलगे. ‘मॅडमॅन’ची नायिका तर वाचतच नाही.

मात्र या सिनेमांची बायकांकडे बघण्याची नजर स्वच्छ होती असं मी म्हणणार नाही. ‘द बर्निंग’मध्ये मुलीला अंघोळ करताना चोरून बघणारा मुलगाच पुढे आपल्या सहानुभूतीचा धनी होतो. श्रेयनामावलीत निर्माता हार्वी वाइनस्टीनचं नाव आहे, ज्याला पुढे लैंगिक गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली, आणि ते दृश्य आता सहज पाहवत नाही. टीका करायची तर इथे करावी. पण ती सिनेमा पाहून करावी लागते, फिरत आलेल्या नियमावरून नव्हे.

राहिला १९८३ चा ‘स्लीपअवे कॅम्प’, जो या मजकुरांमध्ये ‘सगळ्यात टुकार’ म्हणून पुढे केला जातो. रॉबर्ट हिल्ट्झिकने तो न्यूयॉर्क राज्यातल्या खऱ्याखुऱ्या शिबिराच्या जागेवर काढला. कलाकारांचा अभिनय एकसारखा नाही, संवाद कधीकधी आपटतात, कबूल. पण इथली मुलं मुलांच्याच वयाची आहेत. अँजेलाची भूमिका करणारी फेलिसा रोझ तेव्हा १३ वर्षांची होती. पंचविशीतल्या नटांना पोरं म्हणून उभं करणाऱ्या सिनेमांत न येणारी गोष्ट इथे येते: मुलांची एकमेकांशी वागण्याची क्रूरता. अँजेला बोलत नाही, जेवत नाही, म्हणून तिला टोचलं जातं, उचलून तळ्यात फेकलं जातं. शिबिरातला स्वयंपाकी मुलांकडे कसा बघतो हे तो उघड बोलून दाखवतो आणि आजूबाजूचे मोठे हसण्यावारी नेतात. एकापाठोपाठ एक घात होत असताना मालक मेल प्रत्येकाला अपघात ठरवतो आणि तोंड बंद ठेवण्यासाठी पैसे चारतो, कारण पालकांनी मुलं परत नेली तर धंदा बसेल. या सिनेमात प्रणयाची शिक्षा म्हणून जवळपास कुणी मरत नाही. छळणारे, झाकणारे आणि हात टाकणारे मरतात.

त्याचा शेवट मात्र मला आजही अस्वस्थ करतो, आणि चांगल्या अर्थाने नव्हे. खुनी अँजेला म्हणजे मुलगी म्हणून जबरदस्तीने वाढवलेला एक मुलगा, हे शेवटच्या चौकटीत उघड होतं आणि त्या शरीराकडेच भयाची वस्तू म्हणून बघायला लावलं जातं. पारलिंगी लेखकांनी त्यावर घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो. त्यांच्यातल्याच काहींनी अँजेलाला आपलंसं केलं, तेही मला समजतं. चाळीस वर्षांनंतर ज्यावर माणसं इतकी पोटतिडकीने भांडतात, त्या सिनेमाला कुणाची तरी भ्रष्ट नक्कल म्हणून बाजूला सारता येत नाही.

एका जागी हा मजकूर बरोबर ठरला असता, पण नेमकं तिथलं तो काही सांगत नाही. गेल्या दोन दशकांत डिजिटल कॅमेऱ्यावर निघालेले कितीतरी कॅम्प स्लॅशर खरोखर निर्जीव आहेत. फिल्मवर मुद्दाम उमटवलेले ओरखडे, ऐंशीच्या दशकाचा सिंथेसायझर, हॉकीच्या मुखवट्याचा एखादा भाऊबंद, आणि तिशीतले नट आखूड चड्ड्या घालून. यांच्यात शेकोटीची गोष्ट नाही, न्हाणीघराबाहेरची रांग नाही, घरची आठवण येऊन रडणारं पोर नाही, पैसे वाचवायला बघणारा मालक नाही. १९८१ ची मंडळी ‘हॅलोवीन’कडे बघत असली तरी शिबिर त्यांना ठाऊक होतं, क्रॉप्सी त्यांनी कानांनी ऐकलेला होता. आताच्या या सिनेमांनी शिबिर पाहिलंय ते त्या जुन्या कॅसेटींमध्येच.